ज्याचं सुतक लागत नाही

२०२३ सालची गोष्ट. आमच्याकडचे गौरी-गणपती उठले, त्यानंतरचा बुधवार. दुपारचे अडीच वाजले असतील. सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या, हे पेपर तोंडावर घेऊन आरामखुर्चीत होते आणि मी उरलेल्या करंज्या डब्यात भरीत होते. फाटक वाजले. बघते तो धाकटी! दोन मोठ्या बॅगा, पाठीला लॅपटॉपची सॅक, आणि काखेत धरलेली एक प्लास्टिकची कुंडी, तिच्यात कसलेसे हिरवे झाड.

"अगं, फोन तरी करायचास! गौरींना ये ये म्हणत होते तेव्हा रजा नव्हती, आणि आता?"

"आई, आत येऊ दे ना," ती म्हणाली.

तिने कुंडी मोरीपाशी ठेवली, पाय धुतले, आजीला नमस्कार केला आणि माडीवरच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतले. संध्याकाळी चहाला खाली उतरली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी कप पुढे केला. कपाकडे बघतच म्हणाली, "आमचं संपलं."

कोणाचे, काय, हे मला विचारावे लागले नाही. पुण्याला नोकरी लागल्यापासून, म्हणजे चार वर्षे, तिच्या बोलण्यात एक नाव सारखे येत होते. दोनदा तो मुलगा सांगलीला येऊनही गेला होता, 'मित्र' म्हणून. माझ्या हातची भरली वांगी खाऊन, "काकू, अजून एक," म्हणाला होता. उघड कोणीच काही बोलले नव्हते. पण मी बाई मनातल्या मनात कुणाला कसली साडी घ्यायची इथपर्यंत जाऊन पोचले होते. मग त्याला परदेशी जायची संधी आली, आणि तिच्याबरोबरच आपण एकमेकांना तितकेसे अनुरूप नाही असे वाटू लागले. हे त्याने तिला फोनवर लिहून कळवले. चार वर्षांच्या सात ओळी. मी वाचल्या त्या. शुद्धलेखन चांगले होते.

आता अशा वेळी काय म्हणायचे असते हो? आपल्याकडे ठरलेले लग्न मोडते, सोयरीक फिसकटते, नवरा-बायकोचा काडीमोड होतो. त्या प्रत्येकाला शब्द आहे, आणि शब्द असला की माणसांना कसे वागायचे ते कळते. हिचे लग्न ठरलेलेच नव्हते, तर मोडले कसे म्हणणार? मुली 'ब्रेकअप' म्हणतात. तो शब्द मला शेजारणीपुढे उच्चारवेना. त्यामुळे शेजारच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा मी सरळ सांगून टाकले, "वर्क फ्रॉम होम मिळालंय तिला." खरे तर तिने पंधरा दिवसांची रजा टाकली होती.

पहिले काही दिवस मी काय काय केले ते आज आठवले की माझी मलाच लाज वाटते. आधी बेसनाचे लाडू केले. मग त्या मुलाला नावे ठेवली. "मला तर तो पहिल्यापासून जरा आतल्या गाठीचाच वाटला होता," असे धडधडीत खोटे बोलले. तिला ते सोसले नाही, उठून गेली. मग म्हटले, "लग्नानंतर कळलं असतं म्हणजे? सुटलीस असं समज." हे वाक्य बोलताना आपण फार शहाणपणाचे बोलतो आहोत असे आपल्याला वाटते, नाही? ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र खड्डा पडतो. आणि सहाव्या दिवशी तर मी कहरच केला. कोल्हापूरच्या वन्संनी त्यांच्या दिराच्या ओळखीतले एक स्थळ कळवले होते. मुलगा इंजिनियर, घरचा बंगला, तिसऱ्या मजल्यापर्यंत बांधकाम. पितृपंधरवडा चालू होता. एरवी त्या दिवसांत मी साधी नवी चादरसुद्धा घडी मोडून काढत नाही. पण मला इतकी घाई झाली होती की मी तो फोटो तिच्या पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवला.

तिने फोटो पाहिला, उलटा घातला आणि अगदी हळू आवाजात विचारले, "आई, घरात माणूस गेलं तर दहाव्याच्या आत कुणी स्थळ घेऊन येतं का गं?"

सासूबाई लसूण सोलीत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले. मला म्हणाल्या, "उचल तो फोटो."

त्या दिवशी दुपारी मला झोप लागली नाही. सुतकाची आपल्याला अडचण वाटते. दहा दिवस देवपूजा नाही, सणवार नाही, कोणाकडे जायचे नाही. पण नीट विचार केला तर त्या दिवसांत घर किती जपून वागते! चूल पेटवावी लागत नाही, शेजारपाजारचे लोक पिठलं-भात आणून देतात. केस विंचरले का, कपडे बदलले का, कोणी विचारीत नाही. भेटायला येणारा माणूस नुसता बसून राहिला तरी चालतो. गेलेल्या माणसाबद्दल तेच तेच दहादा सांगितले तरी ऐकणारा हूं हूं म्हणतो. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा आईबापाचे तीन दिवस पाळायला मिळतात. मग दहावा, तेरावा, गोडाचे जेवण; आणि वर्षभर पहिला सण आला की कोणीतरी आठवण काढतेच. सांगलीकरांनी तर २०१९च्या पुरातही हे पाहिले आहे. आमच्या घरात कमरेएवढे पाणी होते. ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली रेघ आल्यागेल्याला आम्ही दाखवीत होतो, आणि येणारा प्रत्येकजण "अरेरे, इथपर्यंत?" म्हणत होता. तेवढ्यानेसुद्धा बरे वाटायचे.

माझ्या लेकीच्या भिंतीवर रेघ नव्हती. चुलत सासऱ्यांच्या चुलत भावाचे आम्ही सुतक पाळले होते, ज्यांना मी आयुष्यात दोनदा पाहिले असेल. आणि ही चार वर्षे ज्याच्याबरोबर सकाळचा चहा फोनवर आणि रात्रीचा जेवणाचा डबा समोरासमोर, त्या माणसाच्या जाण्याचे तिने सहा दिवसांत आटोपावे अशी माझी अपेक्षा होती!

आणि हे मला कळायला हवे होते. दुसऱ्या कोणाला नसले तरी मला.

ही गोष्ट मी चाळीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. माझे माहेर वाईचे. १९८३ साली मी वीस वर्षांची होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गावात एक तरुण तात्पुरत्या नोकरीवर आला होता. वाचनालयात पुस्तके बदलताना ओळख झाली. फिरणे वगैरे काही नाही हो, तेव्हा वाईत घाटावर दोघांनी पाच मिनिटे उभे राहिले तरी बातमी घरी आपल्याआधी पोचायची. पुस्तकात घालून चिठ्ठ्या द्यायच्या, एवढेच. पुढे त्याची नोकरी संपली, तो विदर्भात आपल्या गावी गेला, आणि मग मैत्रिणीच्या पत्त्यावर निळी अंतर्देशीय पत्रे येऊ लागली. अशी चौदा पत्रे. चौदाव्यात त्याने लिहिले होते की घरच्यांपुढे माझे काही चालत नाही, तुम्ही मला विसरून जावे. तेराव्यापर्यंत 'तू' होते.

आईला मैत्रिणीकडून कळले. ती रागावली नाही. तिने मला जवळ घेऊन सांगितले, "झालं गेलं गंगेला मिळालं. नानांच्या कानावर जायच्या आत ती पत्रं काढ बघू." पहाटे बंब पेटवायचे काम माझ्याकडेच होते. मी गोवऱ्यांवर एकेक पत्र घातले. कागद कितीसा जळतो! पण त्या दिवशी पाणी चांगले कढत झाले. नानांनी अंघोळ केली, भावांनी केली, शेवटी मीही त्याच पाण्याने केली आणि कॉलेजला गेले. रडले नाही. रडायचे कुठे? घर दोन खोल्यांचे आणि माणसे आठ. दीड वर्षाने, १९८५ साली, ह्यांचे स्थळ आले आणि मी सांगलीला आले.

ह्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्या भगिनी भलतेच मनात आणतील. चाळीस वर्षांचा संसार आहे. ते पत्रवाले गृहस्थ पुन्हा भेटावेत असेही मला कधी वाटले नाही. पण १९९४ साली सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे निधन झाले. त्या मावशी माझ्या फारशा परिचयाच्या नव्हत्या. तेराव्याला ताटे वाढता वाढता मला एकदम जे रडू कोसळले ते काही केल्या थांबेना. हातातले भांडे खाली ठेवून मी माजघरात जाऊन बसले आणि तासभर रडत होते. सगळ्या बायका म्हणाल्या, "पाहा, सून असून किती माया!" माझे कौतुक झाले. मावशींच्या त्या तेराव्यावर मी दुसऱ्याच कोणाचा तेरावा उरकून घेत होते, हे माझे मलाही बऱ्याच वर्षांनी उमगले.

तर असे असूनही लेकीच्या बाबतीत मी माझ्या आईचेच सगळे केले. फक्त बंब नव्हता, एवढाच फरक.

त्यानंतरची तिसरी की चौथी रात्र. पहाटे चारच्या सुमारास मला जाग आली. माडीवरचे दार उघडे, अंथरुणात ती नाही. गच्चीवर नाही, न्हाणीघरात नाही. ह्यांना उठवावे तर तोंडातून शब्द फुटेना. आमच्या घरापासून कृष्णा दहा मिनिटांवर आहे, आयर्विन पूलही तेवढाच. १९२९ सालचा तो पूल एरवी आम्हाला घरच्यासारखा. त्या पहाटे त्याचे नाव मनात आले आणि माझे पाय लटपटले. चपला घालायला मागच्या दारी गेले, तर ती परसात धुण्याच्या दगडावर बसलेली. शाल पांघरलेली, हातात फोन, फोनचा उजेड तोंडावर.

"तो आत्ता जागा आहे," ती म्हणाली. "इथे दिसतं ना, आता ऑनलाइन आहे म्हणून."

मी काही बोलले नाही. तिच्याशेजारी दगडावर टेकले. दगड गार होता.

खरे सांगायचे तर त्या रात्री मी नुसती बसून राहू शकले याचे कारण आदल्या दुपारी मी केलेला एक फोन. माझी थोरली नाशिकला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिने मला नंबर दिला होता: १४४१६. ही 'टेली-मानस' नावाची सरकारी सेवा २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. मी माडीवर आवाज जाऊ नये म्हणून कोठीच्या खोलीत जाऊन, धान्याच्या कणग्यांच्या मागे उभी राहून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मला उपदेश केला नाही. जेवते का, झोपते का, अंघोळ करते का, कोणाशी बोलते का, असे साधे साधे विचारले. दोन आठवड्यांहून अधिक दिवस सगळाच उत्साह गेलेला राहिला, जेवणझोप सुटली, तर डॉक्टरांना दाखवायला अनमान करू नका म्हणाल्या. आणि म्हणाल्या, जीव नकोसा झालाय का, हे तिला सरळ विचारा. मी म्हटले, "अहो, नसेल डोक्यात तर मीच घालायची ती!" तर म्हणाल्या, "विचारल्यानं कुणाच्या डोक्यात येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतं."

आईच्या तोंडून असा प्रश्न निघणे किती कठीण आहे ते आईलाच कळेल. दगडावर बसल्या बसल्या मी दोनदा घसा साफ केला. मग विचारले, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं येतं का गं मनात?"

तिने माझ्याकडे पाहिले. फोन बंद केला. म्हणाली, "नाही गं आई. जगायचंय मला. फक्त सकाळी उठवत नाही."

मग ती रडली. माझ्या मांडीवर डोके ठेवून, आवाज करून रडली. शेजारच्या वहिनींचा दिवा लागला. लागू दे म्हटले. आणि उजाडता उजाडता, का कोण जाणे, मी तिला बंबाची गोष्ट सांगितली. चौदा पत्रांची. ती उठून बसली. "आणि तू त्याच पाण्यानं अंघोळ केलीस?" असे तिने तीनतीनदा विचारले.

त्या दिवसापासून आम्ही तिला सुतक लागले आहे असे धरून चाललो. तसे ठरवून काही नाही, पण मी मनाशी तसे म्हटले आणि मला वागायला सोपे गेले. पानात साधा मऊ भात, वरण, मेतकूट, तूप. जेवली तर जेवली, ताट मात्र दोन्ही वेळा मांडायचेच. रोज अंघोळीचे पाणी काढून हाक मारायची. स्थळ, वय, पुढे काय, हे शब्द घरात बंद. त्या मुलाला शिव्याही बंद. तिने त्याची आठवण काढली तर ऐकायचे. दिवसातून चारदा काढली तर चारदा. हे सगळ्यात अवघड. ह्यांना जमेना. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, कुठे गळती दिसली की बुजवायला धावायची सवय. मग ते तिला पहाटे फिरायला नेऊ लागले. घाटावरून पुलापर्यंत आणि परत. काय बोलत होते विचारले तर म्हणायचे, "काही नाही. पाण्याची पातळी बघतो."

फोनचे मात्र थोरलीने सांगितले ते ऐकावे लागले. २०१० साली अमेरिकेत हेलन फिशर या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमभंग झालेल्या पंधरा जणांना त्या माणसाचे फोटो दाखवून त्यांचे मेंदू तपासले. व्यसनी माणसाला तलफ येते तेव्हा मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही इथेही जागे झालेले दिसले. "म्हणजे आई, ती त्याचा फोटो बघते ती मनाचा हलकेपणा म्हणून नव्हे, तिला तलफ येते," थोरली म्हणाली. तंबाखूची तलफ आमच्या सासऱ्यांना होती, तेव्हा मला ते लगेच पटले. सासऱ्यांचा डबा सासूबाई लपवायच्या, तसा रात्री नऊनंतर तिचा फोन मी फडताळातल्या रव्याच्या डब्यावर ठेवू लागले. तिच्या संमतीने हं. पहिल्या चार रात्री ती फडताळापाशी येऊन उभी राहिली. पाचव्या रात्री आली ती रवाच काढायला. सांजा खावासा वाटला म्हणाली, रात्री अकरा वाजता. मी गॅस पेटवला.

थोरलीने आणखी एक सांगितले ते लिहिण्याचे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी प्राध्यापकांचा १९८६ सालचा प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना त्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनातले सगळ्यात जड असेल ते लिहायला लावले. लिहिताना मुले जास्तच उदास झाली. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी भरल्या. धाकटीने ह्यांची एक जुनी डायरी घेतली आणि चार दिवस लिहिले. मी वाचले नाही. वाचायची फार इच्छा झाली, हेही कबूल करते. माडी झाडताना डायरी उशीखालीच असायची.

शेजारच्या वहिनींचे मात्र समाधान होत नव्हते. "रजा अजून संपली नाही वाटतं?" असे त्या रोज नव्या तऱ्हेने विचारायच्या. मी रोज नवे खोटे शोधायची. एके दिवशी सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, वय वर्षे शहाऐंशी, त्याच म्हणाल्या, "तिचं एका मुलाशी जमलं होतं, ते मोडलं. वाईट वाटतंय पोरीला, म्हणून आलीय घरी. तुमच्याकडे कढीपत्ता आहे का?" झाले! मी दाराआड उभी राहून घाबरून ऐकत होते. वहिनी क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "हो का? आहे की कढीपत्ता." आणि संध्याकाळी कढीपत्त्याबरोबर वाटीभर आमसुलाचे सार घेऊन आल्या. माडीवर जाऊन तिच्याजवळ दहा मिनिटे बसल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. मी ज्या बाईपासून सगळे लपवीत होते तिच्या घरातही असे काही घडून गेलेले असेल, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

सगळे असेच सुरळीत झाले असे मात्र समजू नका. तेराव्या दिवशी मी आपली मनात हिशेब करून साजूक तुपातला शिरा केला. दोन घास खाऊन ती उठली आणि दिवसभर खाली आली नाही. सुतकाचे दिवस मोजता येतात, हे मोजता येत नव्हते. रजा वाढवून तिने महिनाभर इथूनच काम केले. दिवाळीत तर फारच वाईट गेले. पाडव्याला नुसत्या रांगोळीच्या डब्याकडे बघून रडली, आणि कशासाठी ते तिलाही सांगता येईना.

हसली पहिल्यांदा ती त्या कुंडीमुळे. ते झाड दोघांनी मिळून घेतलेले, म्हणून तिला टाकवेना आणि डोळ्यांसमोर ठेववेना. सासूबाईंनी ते आपल्या ताब्यात घेतले. त्यांचा झाडांवरचा एकच उपचार: चहाचा चोथा. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा, चोथा नेऊन कुंडीत. वर तांदूळ धुतलेले पाणी. मार्गशीर्षात एका सकाळी झाड पार कोलमडले. सासूबाई ओशाळून म्हणाल्या, "अगं, मी त्याला जपत होते हो!" धाकटी पावटे सोलीत होती. ती आधी गप्प राहिली, मग जी हसायला लागली ती पावट्याचे सूप उलटे होईपर्यंत. हसता हसता रडली थोडी. मग झाडाचे काडके उपटून कुंडी धुऊन ठेवली. आता तिच्यात पुदिना आहे.

२०२४च्या जानेवारीत ती पुण्याला परत गेली. जुनी खोली सोडली, दोन मैत्रिणींबरोबर दुसरीकडे जागा घेतली. फेब्रुवारीत त्या मुलाच्या साखरपुड्याचे फोटो तिला कोणीतरी, अगदी आठवणीने, पाठवले. रात्री तिचा फोन आला. बराच वेळ नुसते श्वास ऐकू येत होते. मी म्हटले, "जेवलीस का?" "नाही." "भात लाव. मी धरते फोन." कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी इकडे फोन कानाला धरून बसले होते. मग ती म्हणाली, "ठेव आता, जेवते."

अजून तिने लग्नाचे काही काढलेले नाही, मीही काढत नाही. वन्संनी बंगल्याचे स्थळ दोनदा आठवून दिले. पहिल्यांदा मी गप्प बसले, दुसऱ्यांदा म्हटले, "वन्सं, तुमच्याकडे चहा कोणता असतो हो हल्ली?"

हे सगळे लिहून झाल्यावर पाठवायचे की नाही ते ठरेना, कारण बंबाची गोष्ट लेकीला सांगितली तरी ह्यांना सांगितलेली नव्हती. शेवटी रविवारी सकाळी कागद त्यांच्या हातात दिले आणि मी स्वयंपाकघरात निघून आले. भाजी चिरायची ती चिरून झाली, कणीक तिंबून झाली, तरी बाहेरून आवाज नाही. तासाभराने आले. चष्मा कपाळावर. म्हणाले, "पूल १९३०चा नाही, १९२९चा. दुरुस्त कर."

मी बरे म्हटले.

ते पाणी प्यायले, पेला पालथा घातला, आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाले, "वाईचा तो बंब आठवतोय मला. दिवाळसणाला मीही त्याच्याच पाण्यानं अंघोळ केली होती की. चांगलं तापायचं पाणी."